ऑक्युपेशनल थेरपी शिकायला सरकारी पैसा: कुठून येतो, कुणाच्या हातात पडतो

नीटचा निकाल लागून प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की मला दोन-चार फोन ठरलेले. मागच्या वर्षी पावसाळ्यात परभणीकडच्या एका गृहस्थांचा आला. मुलीला मुंबईत महापालिकेच्या कॉलेजात बी.ओ.टीएच.ला, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या पदवीला, जागा लागली होती. पहिला प्रश्न: "मॅडम, ओटी म्हंजी ते ऑपरेशन थिएटरचंच ना?" नाही, म्हटलं, ते वेगळं, हे वेगळं. ते जरा वेळ गप्प. मग खरा प्रश्न आला. "बरं, याला स्कॉलरशिप असती का? पोरीनं महाडीबीटीची समदी यादी वर-खाली केली. या कोर्सच्या नावाची एक बी योजना नाही."

महाडीबीटी म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांचं संकेतस्थळ. तिथली यादी मुलीने नीट पाहिली होती. त्या नावाची योजना खरोखरच नाही. पण म्हणून पैसे नाहीत असं नव्हे. पैसे आहेत, बऱ्यापैकी आहेत. फक्त त्यांच्यावर 'ऑक्युपेशनल थेरपी' अशी चिठ्ठी लावलेली नाही. आपल्याकडे शिक्षणाची सरकारी मदत विद्यार्थ्याकडे बघून येते. घरचं उत्पन्न किती, प्रवर्ग कोणता, मुलगा की मुलगी, प्रवेश कुठल्या फेरीतून झाला, राहतो कुठे. शिकतोय काय, हे जवळजवळ शेवटी विचारलं जातं. एवढं डोक्यात बसलं की महाडीबीटीची ती लांबलचक यादी वाचता येते. हे बसलं नाही तर माणूस कोर्सचं नाव शोधत बसतो आणि हात हलवत परत येतो.

आधी दोन मिनिटं या विषयाबद्दल, कारण नावानेच अर्धा घोळ केलाय. मराठीत 'व्यवसायोपचार' असा शब्द आहे. तो ऐकून लोकांना वाटतं, हे नोकरी-धंदा लावून देतात. इथे 'व्यवसाय' म्हणजे माणूस दिवसभरात जे जे करतो ते सगळं: दात घासणं, जेवणं, लिहिणं, लोकल पकडणं, पोळ्या लाटणं. पक्षाघातानंतर उजवा हात लुळा पडलेल्या आजोबांना शर्ट घालायला शिकवायचं असतं, तेव्हा आम्ही सांगतो, लुळा हात आधी बाहीत, धड हात नंतर. काढताना बरोबर उलटं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण सुनेला हाक न मारता शर्ट घालता आला त्या दिवशी त्या आजोबांच्या चेहऱ्यावर काय असतं ते एकदा बघावं. बोटं नीट मिटत नाहीत त्याच्या चमच्याच्या दांड्याला जाड फोम गुंडाळायचा, चौथीतल्या मुलाला पेन्सिल धरता येत नसेल तर आधी त्याच्या खांद्याकडे आणि बसण्याकडे बघायचं, हे आमचं काम. फिजिओथेरपीचं हे सख्खं भावंड, पण जुळं नव्हे.

या विद्येचं देशातलं पहिलं विद्यालय १९५० साली मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात निघालं. काढलं कमला निंबकर यांनी. त्या जन्माने अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. १९३० साली इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. फलटणची 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा त्यांच्याच नावाची. १९५२ साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक संघटनेच्या संस्थापक देशांत भारत होता. हे सगळं सांगायचं कारण अभिमानापुरतं नाही. ते पहिलं विद्यालय महापालिकेच्या रुग्णालयात सुरू झालं, म्हणजे पहिल्या दिवसापासून या शिक्षणाला सार्वजनिक पैशाचा आधार होता. पुढे शीव आणि नायर या महापालिकेच्याच रुग्णालयांच्या कॉलेजांत आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हा अभ्यासक्रम आला.

पहिलं आणि सगळ्यात मोठं अनुदान तेच आहे, आणि ते कुठल्याही अर्जात दिसत नाही. महापालिकेच्या कॉलेजातल्या एका जागेमागे शिक्षकांचे पगार, रुग्णालयाची इमारत, वॉर्डातले रुग्ण, स्प्लिंट (हातापायाला आधार द्यायची पट्टी) बनवायचं सामान हे सगळं येतं. त्यातला थोडाच भाग विद्यार्थ्याच्या फीमधून निघतो; बाकीचा मुंबईच्या करदात्याच्या खिशातून, नागपुरात राज्याच्या तिजोरीतून. म्हणून मी प्रत्येक पालकाला सांगते की पसंतीक्रम भरताना सरकारी आणि महापालिकेची कॉलेजं आधी टाका, घरापासून लांब असली तरी. नंतर मिळणाऱ्या कुठल्याही शिष्यवृत्तीपेक्षा ही बचत मोठी ठरते, आणि रुग्ण भरपूर बघायला मिळतात तो फायदा वेगळा.

केंद्राचंही असंच आहे. दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाच्या राष्ट्रीय संस्था आहेत: ओडिशात कटकजवळ ओलटपूरला एक, कोलकात्याला एक, दिल्लीला एक. तिथे ऑक्युपेशनल थेरपीची पदवी घेता येते आणि प्रवेशाची त्यांची प्रक्रिया वेगळी असते. आपल्याकडची मुलं तिकडे फारशी वळत नाहीत, कारण माहीतच नसतं. तिकडे शिकायला गेलं की महाराष्ट्राची मदत तुटते हाही एक गैरसमज. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती विद्यार्थी मूळ ज्या राज्याचा, तेच राज्य देतं, मग तो शिकायला कुठेही असो.

आता फी

महाडीबीटीवर योजना खात्यांनुसार लावलेल्या आहेत. सामाजिक न्याय, आदिवासी विकास, इतर मागास बहुजन कल्याण, वैद्यकीय शिक्षण अशी दारं. बी.ओ.टीएच.चा विद्यार्थी कुठल्या दाराने आत जाणार हे त्याच्या दाखल्यांवर ठरतं.

अनुसूचित जाती आणि जमातीच्या विद्यार्थ्यांच्या पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. तिच्यात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क तर येतंच, शिवाय निर्वाह भत्ता. अडीच लाखांच्या वर गेलात तर भत्ता नाही, पण फीसाठी 'फ्रीशिप' नावाची योजना आहे. खुल्या गटातल्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला कॉलेजात अजूनही सगळे 'ईबीसी' म्हणतात: उत्पन्न आठ लाखांपर्यंत, शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम, आणि एका कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांपुरती. विमुक्त-भटके, ओबीसी, विशेष मागास यांची दारं वेगळी. प्रत्येकाचे आकडे इथे लिहीत बसले तर हा लेख महाडीबीटीइतकाच कंटाळवाणा होईल.

एक बदल मात्र ठळक सांगायला हवा, कारण आमच्या वर्गात मुलींचीच संख्या जास्त असते. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची शंभर टक्के सवलत मिळाली. त्याआधी ती निम्मी होती. २०२४-२५ या वर्षापासून हे लागू आहे. वैद्यकीय शिक्षण विभागाचे अभ्यासक्रम त्यात येतात. परभणीच्या त्या गृहस्थांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी तीनदा विचारलं, "समदी फी?" समदी शिकवणीची आणि परीक्षेची फी, म्हटलं. हॉस्टेल, मेस, पांढरे कोट, पुस्तकं, गोनिऑमीटर हे तुमचं. गोनिऑमीटर म्हणजे सांधा किती अंश वळतो ते मोजायची पट्टी.

या सगळ्या योजनांत इथल्या कॉलेजांसाठी एक अट समान आहे आणि तिथेच सगळ्यात जास्त लोक आपटतात: प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत फेरीतून, म्हणजे कॅप राउंडमधून, झालेला हवा. कॉलेजने स्वतःच्या पातळीवर, म्हणजे इन्स्टिट्यूट लेव्हलला, भरलेली जागा घेतलीत की शिष्यवृत्तीचं दार बंद. अभिमत विद्यापीठात गेलात तर मुलींची ती शंभर टक्के सवलतही नाही. खासगी कॉलेजचा माणूस फोनवर "स्कॉलरशिप होऊन जाईल" म्हणतो तेव्हा त्याला विचारायचं: ही जागा कॅप राउंडची आहे का? उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो त्यावरून बरंच कळतं.

पोट आणि छप्पर

फी माफ झाली म्हणजे शिक्षण फुकट झालं असं ज्याला वाटतं त्याने परळ-शीव भागात एकदा खोली शोधून बघावी. चार वर्षांहून लांब हा अभ्यासक्रम आहे, शेवटची इंटर्नशिप धरून. पहिल्या वर्षापासून दिवसभर कॉलेज आणि नंतर ओपीडी, त्यामुळे कुठे अर्धवेळ काम करायलाही सवड मिळत नाही.

इथे निर्वाह भत्ता येतो, आणि विषयाच्या नावाने ठरणारी अशी जवळजवळ एकच गोष्ट इथे सापडते. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या केंद्राच्या २०२१च्या नियमांत अभ्यासक्रमांचे चार गट आहेत. पहिल्या गटात वैद्यकीय, अभियांत्रिकी, शेती, पशुवैद्यक वगैरे. वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला १३,५०० रुपये. दुसऱ्या गटात फार्मसी, नर्सिंग, कायदा आणि 'पुनर्वसन, निदान यांसारख्या निमवैद्यकीय शाखा'. आम्ही त्या पुनर्वसनात. वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला ९,५०० आणि घरून येणाऱ्याला ६,५०० रुपये. भागाकार करा: वसतिगृहवाल्याच्या हातात महिन्याला पुरते आठशेही येत नाहीत. एकाच आवारात, एकाच कॅन्टीनमध्ये एमबीबीएसचा मुलगा आणि बी.ओ.टीएच.ची मुलगी एकाच भावाचा वडापाव खातात. कागदावर तिची भूक चार हजारांनी कमी धरली आहे. दिव्यांग विद्यार्थ्याला दहा टक्के जास्त मिळतात, ही त्यातली बरी गोष्ट.

म्हणून खरा आधार दुसरीकडे आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये: जेवणाला ३२,०००, राहण्याला २०,०००, बाकी ८,००० निर्वाहाला. इतर महापालिका क्षेत्रांत ५१,०००. त्याच धर्तीवर आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आणि ओबीसी, भटके-विमुक्त यांच्यासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. यांतल्या दोन योजनांतून एकाच खर्चाचे पैसे घेता येत नाहीत. तेव्हा आधी आपल्याला लागू पडणाऱ्या योजना एका कागदावर लिहाव्यात, मगच अर्ज उघडावा.

कागद

माझ्या अनुभवात अर्ज पात्रतेवर क्वचित अडतो. अडतो तो कागदांवर. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा हवा. नॉन-क्रिमीलेअरची मुदत संपलेली नको. व्यावसायिक अभ्यासक्रम आहे म्हणून जातपडताळणी हवी, आणि तिला वेळ लागतो हे बारावीतच लक्षात घ्यायचं. आमच्याकडे येणारी पुष्कळ मुलं नीटसाठी एक-दोन वर्षं घरी बसलेली असतात. त्यांना त्या वर्षांचं गॅप प्रतिज्ञापत्र लागतं. हे कुणी आधी सांगत नाही, अर्ज परत आला की कळतं.

आणि आधार. पैसे तुम्ही अर्जात कुठला खाते क्रमांक दिलात ते बघून येत नाहीत. आधार शेवटचं ज्या बँक खात्याला जोडलं गेलं, तिथे जातात. माझ्याकडे इंटर्नशिप करणारी एक मुलगी वर्षभर म्हणत होती, माझे पैसे आलेच नाहीत. शेवटी शोध घेतला तर आठवीत शाळेने उघडून दिलेल्या गावाकडच्या शून्य शिलकीच्या खात्यात ते आरामात पडून होते. पासबुक आजीच्या ट्रंकेत. शिवाय अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४०. हे दोन तुकडे वेगवेगळ्या दिवशी येतात, म्हणून निम्मेच आले म्हणून घाबरायचं नाही. मात्र त्यातला फीचा भाग कॉलेजला लगेच भरायचा असतो. तो घरखर्चात गेला की पुढच्या वर्षी परीक्षेचा अर्ज अडतो.

आणखी एक गोष्ट, जी ऐकायला कुणाला आवडत नाही. काही जण बी.ओ.टीएच.ला नाव घालून ठेवतात आणि पुन्हा नीट देतात. एमबीबीएस लागलं की चालले. तो त्यांचा हक्क आहे. पण वर्षाच्या मध्येच शिक्षण सोडलं तर घेतलेली शिष्यवृत्ती परत मागण्याचा अधिकार राज्याला आहे, हे नियमात लिहिलेलं आहे.

बाहेर कसं चालतं

आता दुसरीकडे बघू, कारण फरक तिथेच कळतो. इंग्लंडमध्ये पूर्वी ऑक्युपेशनल थेरपीच्या विद्यार्थ्याची फी तिथली सरकारी आरोग्यसेवा भरायची. ऑगस्ट २०१७पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ते बंद झालं, फी कर्जावर गेली. नर्सिंगसारख्या अभ्यासक्रमांचे अर्ज घटले, ओरड झाली. मग सप्टेंबर २०२०पासून वर्षाला ५,००० पौंडांचं, परत न करायचं अनुदान सुरू झालं, आणि ते मिळणाऱ्या अभ्यासक्रमांच्या यादीत ऑक्युपेशनल थेरपी नावानिशी आहे. तिथे आईवडिलांचं उत्पन्न विचारत नाहीत. हा विषय शिकताय ना, मग घ्या. फी मात्र कर्जातूनच, आणि आपल्याकडून तिकडे शिकायला गेलेल्याला हे अनुदान नाही.

अमेरिकेची रीत तिसरीच. तिथल्या अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यात, ज्याची मुळं १९७५च्या कायद्यात आहेत, ऑक्युपेशनल थेरपी ही शाळेने द्यायची 'संबंधित सेवा' आहे. शाळेला थेरपिस्ट हवेत, म्हणून केंद्रीय शिक्षण खातं ते तयार करण्यासाठी विद्यापीठांना अनुदान देतं. विद्यापीठं स्पर्धेतून ते मिळवतात आणि त्यातला बराच भाग विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीवर खर्च करतात. अट अशी: ज्या वर्षाचा पैसा घेतला, त्या प्रत्येक वर्षामागे दोन वर्षं अशा मुलांसाठी काम करायचं. केलं नाही तर पैसे परत.

म्हणजे इंग्लंड विषयाला पैसे देतं आणि अमेरिका कामाला. आपण माणसाला देतो, आणि मला ते मनापासून पटतं. परभणीची ती मुलगी इंग्लंडच्या पद्धतीत फीसाठी कर्जबाजारी झाली असती. पण माणसाला दिलेल्या पैशाला दिशा नसते. पदवी घेतल्यावर ती मुंबईत राहील, दुबईला जाईल की परभणीला परत येईल, यावर त्या शिष्यवृत्तीचं काहीच म्हणणं नाही. सरकारने तिच्यावर खर्च केला तो एक गरजू मुलगी शिकावी म्हणून. परभणीत थेरपिस्ट असावा हा हेतू त्यात कुठे लिहिलेलाच नव्हता. मग तो साधला नाही म्हणून तिला कसं बोलायचं?

परत यायचं म्हटलं तरी कशावर? समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या एका मुलामागे वर्षाला ३,५०० रुपये धरले आहेत. साधनं, पुस्तकं, प्रवास आणि थेरपी, सगळं त्यातच. महिन्याचे तीनशेही नाहीत. त्यातून थेरपिस्टचा पगार काढून दाखवणाऱ्याला मी माझं क्लिनिक चालवायला देईन. २०२१च्या राष्ट्रीय सहायक व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने ऑक्युपेशनल थेरपीला दहा गटांतला एक स्वतंत्र गट म्हणून मान्यता दिली, ते चांगलंच झालं. पण तो कायदा नोंदणी आणि दर्जा बघतो, पैसे वाटत नाही. तालुक्याच्या ठिकाणी पद निघालं, त्याला टिकाऊ पगार मिळाला, आणि त्या पदाच्या बदल्यात एखादीचा मुंबईतला खोलीचा खर्च कुणी उचलला, तर अमेरिकेची ती अट आपल्याकडेही चालेल. पद नसताना नुसतं बंधपत्र लिहून घेण्यात अर्थ नाही.

यंदा जूनमध्ये परभणीचा फोन पुन्हा आला. मुलगी पहिलं वर्ष पास झाली होती. फी लागली नव्हती, सावित्रीबाई फुले आधार योजनेचा अर्ज मंजूर झाला होता, पैसे यायला फेब्रुवारी उजाडला. तोवर त्यांनी एक गाय विकली होती. ते सांगताना त्यांचा आवाज तक्रारीचा नव्हता, हिशेब देतात तसा होता. मग म्हणाले, "एकच इचारायचं हुतं. ते फारम यंदा बी परत भरायचं का?"

हो, म्हटलं, दरवर्षी भरायचं. आणि उत्पन्नाचा दाखला नवा काढा, जुना चालणार नाही.